उजव्या कानाची जनावरं

जगात एक हरीण असं आहे की त्याचं नाक पाहिल्यावर आपलाच हात आपल्या नाकाकडं जातो. फुगलेलं, लोंबणारं, दोन मोठ्या भोकांचं नाक. तोंडावर नाक आहे की नाकाला मागून तोंड चिकटवलंय, तेच कळत नाही. कुठल्याशा थंड, गवताळ मुलखात त्याचे कळप फिरतात हे मला फार उशिरा समजलं. पण त्याचं नाव मी चौदाव्या वर्षीच ठेवून टाकलं होतं. शेंबडी.

मराठीत नाव ठेवणं आणि नावं ठेवणं यांत फक्त एका टिंबाचा फरक आहे. बारशाला ठेवतात ते नाव, आणि बारशाहून घरी जाताना बायका ठेवतात ती नावं. माझ्या मैत्रिणीच्या घरी तेवढाही फरक नव्हता. ती मेंढपाळांची लेक. त्यांच्यात जनावराचं नाव त्याच्या खोटीवरूनच पडायचं. आखूड कानांची ती बुची, बिनशिंगाची ती भुंडी, अंगावर ठिपके असले की कबरी. चांगलं नाव ठेवलं तर दृष्ट लागते, म्हणून आधी खोट शोधायची आणि तीच नाव म्हणून द्यायची.

मी इथं कुणाचंच नाव लिहिणार नाही. तिचं नाही, आमच्या बाईंचं नाही, माझंही नाही. नावांपायी मी एकदा पुरेशी पोळले आहे.

माझे बाबा चिकलठाण्याच्या एका कारखान्यात पेट्या फोडायचे. तेव्हा त्या माळावर एकामागून एक कारखाने उभे राहत होते आणि मशिनं परदेशातून यायची, माणूस आत उभा राहील एवढ्या लाकडी पेट्यांतून. मशिनाला धक्का लागू नये म्हणून मधल्या जागेत तिकडची रद्दी कोंबलेली असायची. बाकीचे कामगार पेटीचं लाकूड मागायचे. बाबा कागद मागायचे. ते चौथीपर्यंत शिकलेले होते आणि चित्राचा कागद जाळायचा नाही असा त्यांचा नियम होता. चुरगळलेलं पान उलगडून बघायचे, चित्र असलं की घडी करून शर्टाच्या आत. घरी आई पितळी तांब्यात निखारे घालून त्यावरून फिरवायची, की पान सरळ. त्यावरची अक्षरं आम्हाला वाचता येत नव्हती. इंग्रजी आम्ही पाचवीपासून शिकत होतो, तेवढं ओळखू यायचं. हे इंग्रजी नव्हतं. त्यामुळं चित्रातल्या प्राण्याचं नाव काय, हे सांगणारं औरंगाबादेत कुणी नव्हतं.

मैत्रिणीचे वडील त्याच कारखान्याच्या गेटवर वॉचमन होते. मी त्यांना मामा म्हणायची. खुलताबादकडची मेंढरं भावावर सोपवून ते शहरात आले होते. सुटी झाली की कामगारांना चाचपून बाहेर सोडायचं, हे त्यांचं काम. एकदा बाबांच्या छातीवर कागद वाजला.

"काय रं, काय दडवलं?" मामांनी पान बाहेर काढलं. त्यावर एक माकड होतं, त्याचं नाक वांग्यासारखं थेट हनुवटीखाली लोंबत होतं. मामा इतके हसले म्हणे, की मागची रांग खोळंबली.

"पोरीसाठी नेतो," बाबा म्हणाले.

"मलाबी एक पोरगी हाय. तिला दाव की."

दोघांच्या पोरी एकाच शाळेत, एकाच वर्गात निघाल्या. तोवर आम्ही वर्गात कधी बोललो नव्हतो. त्या नाकाड्या माकडानं आमची ओळख करून दिली.

रविवारी मी पानं घेऊन तिच्याकडं जायची. चिकलठाण्याच्या रस्त्याला त्यांची दोन खोल्यांची भाड्याची जागा होती. पहिल्याच दिवशी तिच्या आईनं मला चहा दिला तो कान तुटलेल्या कपात. पांढरा कप, त्यावर निळं फूल, आणि कान होता तिथं दोन खडबडीत ठिपके. पुढच्या रविवारी तोच कप. त्याच्या पुढच्या रविवारीही तोच. तो दाराबाहेरच्या देवळीत पालथा घातलेला असायचा, घरातल्या फळीवर नाही. चहा झाला की मी तो स्वतः विसळून परत तिथं ठेवायची. मला त्या कपाचा केवढा आनंद होता. आमच्या घरी आम्ही पाच भावंडं, एकट्या माझं असं काहीच नव्हतं, आणि इथं परक्या घरात माझा स्वतःचा कप होता. मी आल्याशिवाय त्याला कुणी हात लावत नाही, हे मी आईला अभिमानानं सांगितलं होतं. आई भाकरी थापत होती, थापत राहिली.

दिवाळीच्या सुट्टीत मामा आम्हा दोघींना एसटीनं त्यांच्या भावाच्या वाड्यावर घेऊन गेले. वाडा म्हणजे मेंढरांचा, खुलताबादच्या डोंगराखाली. आम्ही पोहोचलो त्याच सकाळी एक मेंढी व्याली होती. कोकराचं अंग पांढरं, आणि तोंडाभोवती तेवढं काळं, जणू जन्मतःच मशेरी लावून बसलंय.

"ठेव नाव," मामा मला म्हणाले. "आमच्यात जो नाव ठेवील त्याचं पिलू."

मी म्हटलं, "मशेरी."

मामांनी मान डोलवली. खिशातून लहानसा चाकू काढला, कोकराचा उजवा कान चिमटीत धरला आणि कडेला एक बारीक खाच मारली. रक्ताचा थेंब आला, त्यावर त्यांनी राख दाबली. कोकरू एकदा ओरडलं आणि आईला लुचायला गेलं. मीच रडत बसले.

"डावा कान आमच्या पोरीचा, उजवा तुझा," मामा म्हणाले. "आता कळपात कुठंबी जाऊ दे, उजवी खाच दिसली की तुझी."

आमची वही तिथून सुरू झाली. दोनशे पानी, जाड पुठ्ठ्याची. पुठ्ठ्यावर शाईनं आम्ही दोघींनी आपापली नावं लिहिली, वर तिचं, खाली माझं, कारण तिचं अक्षर मोठं होतं. आत एकेक प्राणी खळीनं चिकटवायचा. जी नाव ठेवील तिचं ते जनावर, आणि आईच्या कात्रीनं त्याच्या कानाला लगेच खाच. तिची डावीकडं, माझी उजवीकडं.

एक करडा पक्षी होता, तुटकं पायताण तोंडाला बांधल्यासारखी त्याची चोच, आणि बघणं असं की आपणच त्याचं काही उचललंय. बाबांच्या फोरमनसारखं. तो पायताण्या, माझा. पुढं कळलं की इंग्रजांनीही त्याला बुटाचंच नाव दिलं आहे. म्हणजे आमची नजर चुकत नव्हती. बल्बएवढ्या डोळ्यांचं एक काळं जनावर होतं, त्याचं मधलं बोट काडीसारखं वाळलेलं. ते तिनं नेलं, नाव काडीबोट्या. तोंडावर मांसाचं फूल उमललेली एक चिचुंद्री होती, फुलतोंडी, माझी. अंगावर केस नसलेला, सुरकुतलेला, दातच तेवढे बाहेर आलेला एक उंदीर होता. त्याच्याकडं बघून तिनं डोळ्यांवर हात घेतले आणि त्याचं नाव ठेवलं न्हाणीतला. आम्ही हसून हसून लोळलो.

ज्याला कानच नाही त्याला खाच कुठं मारायची, यावर आमचं मोठं भांडण झालं. पायताण्याला कान कुठून आणायचा? शेवटी ठरलं की अशा वेळी कागदाच्या कडेला खाच मारायची. आणि मग आला तो प्राणी, ज्याच्यासाठी आम्ही तीन दिवस अबोला धरला. चोच बदकाची, अंग मुंगसाचं, शेपूट कुणाची देव जाणे, आणि पायाला पडदे. सगळं घर मागून मागून चालवल्यासारखं. मी म्हटलं उसन्या, ती म्हणाली वाऱ्या, आणि तिसऱ्या दिवशी दोन्ही मिळून उसनवाऱ्या झालं. त्याच्या कागदाला दोन्ही बाजूंनी खाचा मारल्या. अख्ख्या वहीत दोघींचा असा तो एकटाच.

मामांना वही बघायला आवडायची. एका पानावर मात्र त्यांनी बोट ठेवलं. अंगभर खवले असलेलं, गुंडाळून बसलेलं जनावर.

"याला कशाला नाव ठेवता? याला नाव हाय. खवल्या मांजर. आमच्या डोंगरात हाय ते."

आम्ही त्याला खाच मारली नाही. नाव असलेल्याला पुन्हा नाव कशाला, हे आम्हालाही पटलं.

आमच्या विज्ञानाच्या बाईंनी वही पाहिली आणि म्हणाल्या की तुमच्या दोघींची वही जिल्ह्याच्या विज्ञान प्रदर्शनाला पाठवू. मला त्या बाई फार आवडायच्या. त्यांनी तेव्हा वर्गासमोर माझ्या खांद्यावर हात ठेवला होता, आणि तोवर शाळेत कुणीच तसं केलं नव्हतं. कुठल्याही कागदावर माझं नाव छापून यावं, लोकांनी ते वाचावं, असं मला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं. पहिल्यांदा आणि फार जोरात.

मग अठ्ठ्याहत्तरचा पावसाळा आला. विद्यापीठाचं नाव बदलायचा ठराव झाला. ज्यांचं नाव द्यायचं होतं त्यांची तसबीर आमच्या घरात दारासमोरच होती. मी रोज त्यांच्याकडं बघून शाळेला निघायची. बघता बघता त्या नावावरून शहर बंद पडलं, एसट्या बंद पडल्या, आणि खेड्यांतून जळालेल्या घरांच्या बातम्या येऊ लागल्या. आमच्या वस्तीत पाहुणे येऊ लागले. आमच्याकडं आईच्या मावसबहिणीचं अख्खं बिऱ्हाड आलं, दोन बोचकी आणि एक कोंबडी घेऊन. गावात काय झालं ते त्यांनी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. घरात झोपायला जागा उरली नाही. बाबांनी मला शाळेत जाऊ दिलं नाही. वही त्या आठवड्यात मैत्रिणीकडं होती.

गेटवर विद्यापीठाच्या नावाचा विषय निघाला, तेव्हा मामा बाबांना म्हणाले, "त्याला नाव हाय की. दुसरं कशाला ठेवायचं?" त्यांच्या मनात खोट नव्हती. खवल्या मांजराबद्दल बोलले होते त्याच सुरात बोलले. बाबांनी घरी येऊन ते सांगितलं तेव्हा मला पहिल्यांदा त्या वाक्याची काच टोचली. आपल्याला खवल्या मांजर तेव्हा पटलं कसं, याचा मला राग आला.

दीडेक महिन्यानं मी शाळेत गेले. वर्गात बाकं हलवलेली होती. म्हणजे कुणी हलवली नव्हती, पोरी आपापल्या हलल्या होत्या. मैत्रीण तिसऱ्या बाकावर होती आणि तिच्याशेजारी दुसरी कुणी बसली होती. मधल्या सुट्टीत ती मला नळाच्या मागं घेऊन गेली. दप्तरातून वही काढली. वहीला खाकी कागदाचं नवं कव्हर होतं, त्यावर पांढरी चिठ्ठी, आणि चिठ्ठीवर एकच नाव. तिचं.

"बाई म्हणाल्या, वातावरण लई तापलंय," ती म्हणाली. "परीक्षक कोण यील, सांगता येत नाय. एवढ्यापुरतं एकच नाव ठेवू म्हणाल्या."

"मला कुणी विचारलं?"

"तू होतीस कुठं?" मग तिनं माझा हात धरला. "अगं, वर झाकलंय फक्त. पुसलं नाय. आत तुझं नाव हाय तसंच हाय. शपथ."

मी तिच्या तोंडाकडं बघितलं. आम्ही दोघींनी मिळून एवढी विचित्र तोंडं बघितली होती, त्यांतलं एकही इतकं कठीण नव्हतं. मी म्हटलं, "बरं." हे बरं मला पुढं किती वर्षं पुरलं, ते माझं मलाच ठाऊक.

बाई मला व्हरांड्यात भेटल्या. त्यांनी विचारलं, "घरी सगळे बरे आहेत ना?" आणि उत्तराच्या आत पुढं गेल्या.

प्रदर्शनाला सगळ्या शाळेला नेलं होतं. मी तिसऱ्या रांगेत बसले होते, खाली सतरंजीवर. ती स्टेजवर वही उघडून उभी होती आणि परीक्षक विचारत होते. ती छान बोलली. मेंढ्यांना खोटीवरून नावं ठेवतात हे तिनं सांगितलं तेव्हा परीक्षक कौतुकानं हसले. मग तिनं ते नाकाचं हरीण दाखवलं.

"आणि हिचं नाव मी ठेवलं शेंबडी," ती म्हणाली.

सगळा मांडव हसला. माझ्या शेजारची पोरगीही हसली, मला कोपरानं ढोसून. ‘आम्ही’ म्हणता आलं असतं. ‘आम्ही’ या शब्दाला कुठलाच परीक्षक हरकत घेत नाही, त्यात कुणाची जात दिसत नाही. पण ती ‘मी’ म्हणाली. कव्हर बाईंनी घालायला लावलं असेल. ते ‘मी’ तिला कुणी शिकवलं नव्हतं.

वहीला पहिला नंबर मिळाला.

घरी मी रडले नाही, उलट तिची बाजू घेतली. पाहुण्यांच्या गर्दीत बाबा एका कोपऱ्यात बसून विडी ओढत होते. मी त्यांना सगळं सांगितलं आणि शेवटी म्हटलं, "पण ती मला मानते, बाबा. त्यांच्या घरी माझा स्वतःचा कप आहे. दुसऱ्या कुणाला त्यात चहा देत नाहीत."

बाबांनी विडी खाली केली. "कसला कप?"

"कान तुटलेला. माझ्यासाठीच ठेवलाय, दाराबाहेर देवळीत. खूण केल्यासारखा. मशेरीच्या कानासारखा."

आई भांडी घासायची थांबली. बाबा माझ्याकडं बघत होते. मला वाटलं ते रागावले. ते रागावले नव्हते. मी एवढी मोठी झाले आणि मला एवढंही कळत नाही, आणि आता ते आपल्यालाच सांगावं लागणार, असं काहीतरी त्यांच्या तोंडावर होतं.

"पोरी," ते म्हणाले, "खूण आपलं म्हणायला करतात तशी येगळं काढायलाबी करतात."

बस, एवढंच. मावशीच्या बिऱ्हाडातली म्हातारी मागून म्हणाली, "कळंल तिला हळूहळू." मला हळूहळू कळलं नाही. एकदम कळलं. देवळी, पालथा कप, मीच विसळून ठेवायची ते, सगळं एका दमात कळलं, आणि वर्षभर त्या कपाचा मिरवलेला आनंद तोंडात कडू होऊन बसला. आईला आधीपासून ठाऊक होतं. तिनं माझा आनंद मोडला नाही, याचा रागही मी तिच्यावरच काढला. चौदाव्या वर्षी राग कुणावर काढायचा ते माणूस निवडत नाही.

पुढच्या वर्षी मामांची बदली झाली आणि मैत्रिणीनं शाळा बदलली. मी तिला भेटले नाही. पण एक सांगते, आणि हे सांगताना माझी मलाच लाज वाटते. इतकं होऊनही मी एका गोष्टीवर विश्वास ठेवून होते. झाकलंय फक्त, पुसलं नाय. कप तिच्या आईचा होता. ते ‘मी’ तिच्या तोंडून गेलं, भीतीनं गेलं असेल. पण त्या खाकी कागदाखाली माझं नाव आहे, माझ्या अक्षरात, तिच्या नावाखाली. कुणी वाचत नसलं तरी आहे. वर्षानुवर्षं मी स्वतःला हे सांगत आले. विद्यापीठाच्या नावासाठी मोर्चे निघाले की मी त्यांत चालायची, घोषणा द्यायची, आणि मनात दोन नावांसाठी भांडत असायची, एक मोठं आणि एक अगदी फालतू, माझं.

वाळूजला कारखाने आले तेव्हा मला एका ठिकाणी तपासणीत काम मिळालं. पट्ट्यावरून पार्ट येतात, आपण खोट शोधायची आणि सापडली की लाल रंगाचा ठिपका द्यायचा. दिवसभर पगारी नावं ठेवायची. या कामात मी चांगली होते. साहेब म्हणायचे, तुमच्या नजरेतून काही सुटत नाही. मी मनात म्हणायची, एकदा सुटलंय.

ठरावानंतर सोळा वर्षांनी विद्यापीठाला ते नाव मिळालं. नामांतर नाही, नामविस्तार. जुनं नाव ठेवून त्याच्या आधी नवं जोडलं. एका कव्हरवर दोन नावं मावतात, हे आम्हा दोघींना चौदाव्या वर्षी ठाऊक होतं, सरकारला कळायला सोळा वर्षं आणि कितीतरी माणसं लागली. आमच्या वस्तीत त्या दिवशी घरोघरी गोड झालं. बाबांनी तसबिरीला हार घातला आणि हाराकडं बघत बसून राहिले.

त्याच महिन्यात क्रांती चौकात ती मला भेटली. मी ओळखलं नाही, तिनं हाक मारली. माझं नाव घेऊन. शिक्षिका झाली होती, हातात वह्यांचा गठ्ठा.

"अगं, ती आपली वही आहे अजून माझ्याकडं," ती म्हणाली. "ये की रविवारी."

आपली म्हणाली. मी गेले.

सिडकोत घर होतं, पुढं पडवी. पडवीत खाटेवर मामा बसले होते, खूप थकलेले. कानानं अधू झाले होते. माझ्याकडं बघत राहिले, आणि मग म्हणाले, "उजव्या कानाची न्हवं तू?"

मी हो म्हटलं.

"तुझ्या मशेरीची पिलं लई दिस व्हती कळपात. आमच्या भावानं उजव्या खाचेला कधी हात लावला नाय. माझा शबुद व्हता." एवढं बोलून त्यांना दम लागला. या माणसानं माझ्यासाठी शब्द पाळला होता, आणि याच माणसाच्या दारात माझा कप पालथा असायचा. या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि मला त्यांची बेरीज अजून येत नाही.

आत चहा आला. कपांना कान होते. वही टेबलावर होती, त्याच खाकी कव्हरात, कडा तेलकट झालेल्या. ती इकडच्या तिकडच्या गप्पा मारत होती. मी कव्हराची घडी नखानं उचकली.

"राहू दे गं, फाटेल," ती म्हणाली. जरा घाईनं म्हणाली.

मी कव्हर काढलं. पुठ्ठ्यावर तिचं नाव होतं, शाई विटलेली, तरी स्वच्छ. त्याच्याखाली पुठ्ठा खरवडलेला होता. ब्लेडनं, एका बाजूनं दुसऱ्या बाजूपर्यंत, नीट, सावकाश. शेवटच्या अक्षराजवळ ब्लेड खोल गेलं होतं आणि आतला भुरकट लगदा दिसत होता.

सोळा वर्षं मी त्या कागदाखाली राहत होते. तिथं कुणीच नव्हतं.

"बाईंनी सांगितलं?" मी विचारलं.

"नाही. बाई झाकच म्हणाल्या होत्या." ती वहीकडं बघून बोलत होती. "कागद पातळ होता. उजेडात धरला की खालचं दिसायचं. मला भीती वाटली."

"म्हणजे नळामागं शपथ घेतलीस तेव्हा..."

"आदल्या दिवशीच केलं होतं." आणि मग म्हणाली, "मी लहान होते गं."

"मीही तेवढीच होते," मी म्हटलं.

ती रडायला लागली. मला रडू आलं नाही. मी चहा प्याले, चहाशी माझं भांडण नव्हतं. मग वही उघडली. पहिल्याच पानावर शेंबडी, आणि तिच्या उजव्या कानाला माझी खाच, आईच्या बोथट कात्रीची, जरा वाकडी. पायताण्याच्या कागदाला उजवीकडं खाच. फुलतोंडीला खाच. पान उलटत गेले तशी माझी जनावरं एकेक करून निघत गेली.

"कात्री आहे?"

तिनं शिवणयंत्राच्या खणातून कात्री आणून दिली. मी उजव्या खाचेची चित्रं कडेकडेनं कापून काढायला लागले. नाकाड्या माकड. फुलतोंडी. पायताण्या. तिच्या काडीबोट्याला आणि न्हाणीतल्याला हात लावला नाही. खवल्या मांजर कुणाचंच नव्हतं, ते राहिलं. माझी कळपातली सगळी वेगळी काढून मी पिशवीत घालत होते आणि ती समोर बसून बघत होती.

"वही खराब होईल," एकदा म्हणाली.

"वही तुझी आहे. वर नाव आहे तुझं. जनावरं माझी आहेत."

शेवटी उसनवाऱ्या आला. बदकाची चोच, मुंगसाचं अंग, कागदाच्या दोन्ही कडांना खाचा. मी कात्री उघडी धरली.

"हा तरी राहू दे," ती म्हणाली.

मी कात्री मिटून टेबलावर ठेवली आणि पिशवी उचलून निघाले. तो मी तिच्याकडं ठेवला. दया आली म्हणून नाही. वही कधीतरी ती उघडेलच, रोज नाही पण कधीतरी, आणि तिच्या खाचेसमोर तिला माझी दिसेल. लिहिलेलं नाव ब्लेडनं खरवडता येतं. खाच खरवडायला गेलं तर ती मोठी होते.